आधी हात आवरा: चेस नव्याने शिकणाऱ्यांना काय नडतं आणि ते कसं सुधरायचं

आमच्या कॉलनीत एक काका आहेत, भुसावळला रेल्वेत होते, रिटायर होऊन आता जळगावला मुलाकडे राहतात. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, ४४-४५ डिग्री, कूलरसमोर बसून बसून कंटाळले म्हणून नातवाने मोबाईलवर चेस टाकून दिलं. लागोपाठ अकरा गेम हरले. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणे, "भाऊ, हे आपलं काम नाही भो, याला डोकंच वेगळं लागतं." मी मोबाईल घेतला आणि अकराच्या अकरा गेम परत लावून बघितले. नऊ गेममध्ये काकांनी वजीर नाहीतर हत्ती असाच देऊन टाकलेला, फुकटात, बदल्यात काहीच न घेता, तोही वीस चालींच्या आत. डोक्याचा प्रश्नच नव्हता. डोक्यापर्यंत गोष्ट जायच्या आधीच हात चाल करून मोकळा होत होता.

तर हे सगळं त्या काकांसाठी लिहिलंय आणि त्यांच्यासारख्या नवीन लोकांसाठी. मी काही कोच वगैरे नाही, रविवारी सकाळी आमच्याकडे चार पोरं आणि दोन मोठी माणसं येतात, त्यांना खेळवतो, आणि रेटेड स्पर्धांमध्ये, म्हणजे जिथे निकालावरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा (रेटिंग) ठरतो तिथे, स्वतः भरपूर मार खाऊन आलोय. पायऱ्यांचा क्रम माझा आहे. ज्या चुकीने सगळ्यात जास्त गेम जातात ती आधी, बाकीच्या मागून. क्लासवाले उलट्या क्रमाने शिकवतात, ओपनिंगपासून, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींपासून, मला ते पटत नाही.

पायरी १: गावचे नियम बाजूला ठेवा

आपल्याकडे बरेच जण गावात पारावर शिकलेले असतात. मलाही आजोबांनी शिकवलं, अमळनेरकडे, पोत्यावर खडूने आखलेल्या पटावर. तिथले नियम म्हणजे प्यादं कायम एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्यासारखी उडी, आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ज्याचं घर तेच मोहरं मिळणार, उंटाच्या घरात गेलं तर उंट, वजीर नाही. गावागणिक यात थोडा थोडा फरक. खेळायला मजा यायची, पण ॲपवर आणि स्पर्धेत हे चालत नाही, आणि ज्याला हातात जुने नियम बसलेत त्याला नवीन शिकणाऱ्यापेक्षा जास्त त्रास होतो.

पट लावताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे, आणि वजीर स्वतःच्या रंगावर, पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या. एवढ्यात निम्मे घोळ मिटतात.

कॅसलिंग: राजा दोन घर हत्तीकडे सरकतो आणि हत्ती उडी मारून पलीकडे येऊन बसतो. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरं रिकामी हवीत, राजाला शह असताना करता येत नाही आणि ज्या घरावरून राजा जाणार किंवा जिथे बसणार तिथे शह लागत असेल तरी नाही. हत्तीवर मार असेल तर मात्र बिनधास्त करा, त्याचा काही संबंध नाही.

काकांची ॲपबद्दल एक तक्रार होती, की "माझं प्यादं असंच गायब केलं, चीटिंग आहे." ते एन पासां होतं. तुमचं प्यादं पहिल्या चालीला दोन घर उडी मारून समोरच्याच्या प्याद्याच्या बरोबर शेजारी येऊन बसलं, तर तुम्ही एकच घर आलात असं धरून तो तुमचं प्यादं तिरकं मारू शकतो. पण लगेचच्याच चालीला, नंतर नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला ही फसवणूकच वाटते, मलाही वाटली होती.

पायरी २: हात मांडीखाली

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, हे वाचा.

नवीन माणूस पटावर फक्त स्वतःचीच बाजू बघतो. मी इथून जाईन, मग तिथे जाईन, मग मात. समोरचा मधे काय करणार हे त्या हिशोबात कुठेच नसतं, जणू तो नुसता आपल्याला बघायला बसलाय. मला विचाराल तर चेसमधली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, समोरच्याने आत्ता केलेली चाल त्याच्या डोक्याने बघणं, दर चालीला, चाळीस वेळा, कंटाळा न करता. दहा चाली पुढचं बघणारे ग्रँडमास्टर वगैरे नंतरची गोष्ट आहे, आपल्याला अर्धी चाल पुढचं दिसत नाही ही खरी अडचण.

काकांचा एक गेम सांगतो, त्या अकरातलाच. काका पांढरे. घरांची नावं अशी: उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या पांढऱ्याकडून १ ते ८, म्हणजे ई४ हे ई रांगेतलं चौथं घर. प्यादं ई४, समोरून ई५. घोडा एफ३, समोरून घोडा सी६. उंट सी४. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. आता काळ्याने घोडा सी६ वरून उचलून डी४ वर आणून ठेवला. ई५ चं प्यादं उघडं पडलं, कारण त्याला राखणारा घोडाच निघून गेला. काकांनी अर्धा सेकंदसुद्धा घेतला नाही, घोड्याने प्यादं मारलं. काळा वजीर जी५ वर आला, आता तो एकाच वेळी काकांच्या घोड्यावर पण आहे आणि जी२ च्या प्याद्यावर पण. काकांना मात्र एफ७ दिसलं, तिथे घोडा घातला की काळ्या वजिरावर आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर दोघांवर एकदम मार! घातला. वजिराने जी२ मारलं, एच१ चा हत्ती अडकला म्हणून काकांनी तो एफ१ ला सरकवला, वजिराने ई४ चं प्यादं मारून शह दिला, काकांनी उंट ई२ वर आडवा आणला, आणि काळा घोडा एफ३ वर येऊन बसला. मात. सात चालीत खेळ खल्लास. राजाच्या आजूबाजूला एक घर मोकळं नाही, सगळीकडे त्याचीच माणसं उभी, आणि उंट घोड्याला मारू शकत नाही कारण उंट हलला की मागून वजिराचा शह बसतो.

आता यात काकांनी काय चुकवलं? ट्रॅप माहीत नव्हता हे कारण नाही, असे ट्रॅप शेकड्याने आहेत, किती पाठ करणार. चुकलं ते चौथ्या चालीला. समोरचा माणूस प्यादं फुकट देतोय तर का देतोय, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. बाजारात कोणी अर्ध्या भावात केळीचा घड द्यायला लागला तर आपण आधी उलटापालटा करून बघतो ना, पटावर मात्र लगेच पिशवीत टाकतो. तिथे नुसतं घोड्याने डी४ चा घोडा मारला असता, त्याने प्याद्याने परत मारलं असतं, काकांनी कॅसल करून घेतलं असतं, आणि पांढऱ्याचाच गेम चांगला होता.

तर करायचं असं. समोरच्याची चाल झाली की हात मांडीखाली घ्या, खरंच घ्या, आमच्याकडची पोरं घेतात, आणि तीन गोष्टी बघा: तो पुढे मला शह कुठून देऊ शकतो, तो माझं काय मारू शकतो, आणि ह्या चालीने त्याने नवीन धमकी कोणती तयार केली. शह, मार, धमकी. मग स्वतःची चाल ठरवा. आणि ठरवल्यावर, हात लावायच्या आधी, परत एकदा तेच तीन, पण आता तुमची चाल झाली आहे असं समजून. ही दुसरी वेळ सगळे विसरतात. चाल सुचली की इतका आनंद होतो की आपण ज्या घरात चाललोय तिथे उंटाची तिरकी नजर आहे हे बघायचंच राहून जातं, आणि लांबून येणारा उंट तर नवीन माणसाला दिसतच नाही, पटाच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत बोट फिरवून बघायची सवय लावा.

पहिले पंधरा-वीस गेम हे करताना डोकं दुखेल आणि गेम फार हळू होईल. होऊ द्या.

आणि "आपल्याला डोकंच नाही" म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २००६ साली जर्मनीत बॉनला व्लादिमीर क्रॅमनिक, त्या वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, डीप फ्रिट्झ नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामशी खेळत होता, दुसऱ्या गेममध्ये त्याने वजीर हलवला आणि पुढच्याच चालीला मात बसली. एका चालीतली मात, वर्ल्ड चॅम्पियनला दिसली नाही. आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच, आपला गुकेश आणि तेव्हाचा चॅम्पियन, चीनचा डिंग लिरेन, चौदावा गेम, शेवटचा, बरोबरीत चाललेला, डिंगने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर ठेवला. त्यामुळे हत्ती पण बदलले गेले, उंट पण बदलले गेले, आणि उरला तो नुसत्या प्याद्यांचा हरलेला खेळ. १८ वर्षांचा गुकेश वर्ल्ड चॅम्पियन झाला. दमलेला माणूस कुठल्याही लेव्हलला अशी चाल करतो, आपण फक्त न दमता करतो.

पायरी ३: भाव पाठ करा

प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. मारामारी सुरू करायच्या आधी त्या घरावर तुमचे किती जण आहेत आणि त्याचे किती, हे मोजा, आणि आधी कोण जाणार तेही. तुमचे दोन आणि त्याचे दोन असतील पण तुमचा पहिला वजीर असेल तर हिशोब तोट्यात. एवढंच.

पायरी ४: ओपनिंगच्या मागे लागू नका

हे लिहिलं की पोरं नाराज होतात. यूट्यूबवर बारा-बारा चालींचे ट्रॅप बघून येतात आणि समोरचा तिसऱ्याच चालीला दुसरंच काहीतरी खेळतो, मग पोरगं माझ्याकडे बघत बसतं, की "दादा, हा असं खेळायला नको होता." अरे त्याने व्हिडिओ बघितलेला नाही!

आकडा बघा. पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय, काळ्याकडे २०, म्हणजे एकेक चाल झाली की ४०० प्रकार. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१. पाठ कुठवर करणार.

त्यापेक्षा सुरुवातीला मधल्या चार घरांवर प्यादं आणा, घोडे आणि उंट बाहेर काढा, दहाव्या चालीच्या आत कॅसल करून राजाला घरात घाला, एकच मोहरं परत परत हलवू नका आणि वजीर लवकर बाहेर काढू नका. घोडा मधे असेल तर त्याला आठ घरं मिळतात, कोपऱ्यात दोनच, म्हणून घोडा कडेला नेऊ नका. बस.

एकच गोष्ट पाठ करा, कारण ऑनलाईन पहिल्या आठवड्यात कोणीतरी ही चार चालीतली मात तुमच्यावर मारणारच. ई४, ई५, मग त्याचा वजीर डायरेक्ट एच५ वर. घाबरू नका, घोडा सी६ ला आणून ई५ राखा. तो उंट सी४ ला आणेल, आता एफ७ वर वजीर आणि उंट दोघांचा डोळा. जी६ प्यादं पुढे करा, वजिराला हाकला. तो वजीर एफ३ ला नेऊन परत एफ७ कडे बघेल, तुम्ही घोडा एफ६ ला आणा, रस्ता बंद. आता त्याचा वजीर भटकतोय आणि तुमचे दोन्ही घोडे बाहेर आलेत. नवीन माणूस इथे जी६ खूप लवकर करतो, म्हणजे वजीर एच५ ला आल्याआल्या, तर मग वजीर ई५ चं प्यादं शह देऊन मारतो आणि वरून कोपऱ्यातला हत्तीपण घेतो. क्रम महत्त्वाचा, आधी घोडा, मग जी६.

पायरी ५: रोज पंधरा मिनिटं पझल

पझल म्हणजे पटाचं कोडं, यातली चांगली चाल शोधा असं. ह्याला पर्याय नाही. लिचेस नावाच्या साइटवर सगळे पझल फुकट आहेत, जाहिरात पण नाही, चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर रोजचे मोजकेच फुकट मिळतात. पण सोडवायची पद्धत असते. पोरं पझल मोबाईलवर ठोकत सुटतात, ही चाल करून बघ, नाही जमली, ती करून बघ. त्याने काहीच होत नाही, उलट हात आणखी सुटतो. पूर्ण उत्तर डोक्यात आल्याशिवाय स्क्रीनला बोट लावायचं नाही, समोरचा काय उत्तर देईल त्यासकट. दिवसाला पाचच करा पण असे करा.

सुरुवातीला फक्त फोर्क आणि पिन हे दोनच विषय घ्या. पिन म्हणजे मागे राजा किंवा वजीर आहे म्हणून पुढचं मोहरं जागेवरून हलू शकत नाही, वर काकांचा ई२ चा उंट अडकला तसं. फोर्क म्हणजे एकाने दोघांना एकदम धरणं, आणि त्यात घोड्याचा फोर्क सगळ्यात बेकार, कारण अडीच घराची चाल डोळ्याला सरळ दिसत नाही. आमच्या ओट्यावर रविवारी किमान एकदा तरी ऐकू येतं, "तुना वजीर गया ना भो!" आणि नव्वद टक्के वेळा कारण घोडा.

त्यावर एक सोपी युक्ती, मला फार उशिरा कळली. घोडा दर चालीला रंग बदलतो. पांढऱ्या घरात उभा असेल तर तो फक्त काळ्या घरांवर मारतो, आणि उलट. म्हणजे तो ज्या दोघांना एकदम धरणार ते दोघे एकाच रंगाच्या घरात असतात. तुमचा राजा आणि वजीर एकाच रंगावर उभे आहेत आणि समोरचा घोडा आसपास फिरतोय, तर लगेच सावध व्हा, वेगळ्या रंगावर असतील तर त्या दोघांवर फोर्क बसूच शकत नाही. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा काकांनी पटावर घोडा ठेवून दहा मिनिटं स्वतः तपासलं, मग मान हलवली.

पायरी ६: "आता काय करू?"

फुकटात मोहरं द्यायचं बंद झालं की पुढची अडचण येते आणि ती जास्त छळते. सगळे बाहेर आले, कॅसल झालं, कोणावर मार नाही, आता चाल काय करायची? माणूस मग काहीतरी करायचं म्हणून कडेचं प्यादं ढकलतो, किंवा कंटाळून उगाच हल्ला करतो. मी पण अजून इथेच अडकतो, खोटं कशाला सांगू.

मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात बेकार माणूस शोधायचा. स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला उंट, पहिल्या रांगेत झोपलेला हत्ती, कडेला गेलेला घोडा, जो कोणी असेल त्याला चांगल्या जागी न्यायचं. हत्तीला मोकळी उभी रांग द्या, जिथे प्यादी नाहीत. पुढे ढकललेलं प्यादं मागे येत नाही, बाकी सगळे येतात, म्हणून प्यादं हलवताना जास्त वेळ घ्या, खास करून राजासमोरची तीन. बाकी प्लॅनिंगवर लोक पुस्तकंच्या पुस्तकं लिहितात, नवीन माणसाला सध्या एवढं पुरे.

पायरी ७: जिंकलेला गेम जिंकायला शिका

काका तेराव्या गेमला जवळजवळ जिंकले होते. त्यांच्याकडे राजा आणि वजीर, समोरच्याकडे नुसता राजा. शह, शह, शह, पन्नास शह दिले असतील, मला खिडकीतून आवाज ऐकू येत होता, आणि मग शांतता. गेम ड्रॉ. स्टेलमेट. शह नाही पण हलायला घर नाही, म्हणजे बरोबरी. काका दोन दिवस माझ्याशी पण नीट बोलले नाहीत, जसं काय नियम मीच केला.

नुसते शह देत सुटू नका. तुमचा वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या अडीच घरावर ठेवा. राजा जसा हलेल तसाच वजीर हलवा, परत अडीच घरावर. शह द्यायचाच नाही. राजा आपोआप कडेला आणि कडेने कोपऱ्यात ढकलला जातो. आणि राजा कोपऱ्यात शिरला की थांबा! तिथे परत अडीच घर केलं की स्टेलमेट. म्हणजे राजा ए८ ला आणि वजीर बी६ ला, बाजूची तिन्ही घरं बंद, शह नाही, गेम ड्रॉ. म्हणून तो कोपऱ्यात गेला की वजीर जागेवर सोडायचा, समोरच्या राजाला हलायला एखाद-दोन घरं ठेवून, आणि स्वतःचा राजा चालवत आणायचा, मग वजिराला त्याच्या आधाराने मात करू द्यायची. मोबाईलवर कॉम्प्युटरशी हे दहा वेळा करा, मग आयुष्यात विसरणार नाही. हत्ती आणि राजाची मातपण शिका, ती जरा लांब आहे पण लागते.

प्याद्याचे दोन नियम. पहिला, पळणाऱ्या प्याद्याचा चौकोन. प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत जितकी घरं, तितकीच आडवी घेऊन चौकोन मनात काढा, प्यादं ए४ वर असेल तर ए४, ए८, ई८, ई४. समोरचा राजा त्याच्या चालीला त्या चौकोनात शिरू शकला तर तो प्याद्याला पकडतो, नाही तर नाही. चाली मोजत बसायला नको. दुसरा, राजासमोर राजा. तुमचा राजा ई५ वर, प्यादं मागे ई४ वर, त्याचा राजा ई७ वर. चाल त्याची असेल तर तुम्ही जिंकता, कारण त्याला बाजूला व्हावं लागतं. चाल तुमची असेल तर ड्रॉ. पट तोच, मोहरी तीच, फक्त पाळी कोणाची एवढाच फरक. हे मला समजायला एक अख्खा पावसाळा गेला होता.

पायरी ८: घड्याळ आणि राग

तीन मिनिटांचे गेम नवीन माणसाने खेळू नयेत, एक मिनिटाचे तर अजिबातच नाही. त्याने फक्त हात शिकतो. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढ असा गेम घ्या, दिवसाला एक-दोनच.

हरल्यावर लगेच "अजून एक" दाबू नका. मला माहितीये किती अवघड आहे ते, रात्री साडेबाराला मी पण दाबलंय, दोन वाजता रेटिंगचे ऐंशी पॉइंट घालवून झोपलोय, आणि सकाळी ऑफिसला डोळे लाल. दोन सलग हरले की मोबाईल ठेवा. राग सगळ्यांना येतो, २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर तेव्हाच्या एक नंबरच्या मॅग्नस कार्लसनने टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरी उडाली, तो व्हिडिओ तुम्ही पण बघितला असेल. पण तो दुसऱ्या दिवशी परत खेळायला बसला, आपण मात्र रात्री दोन वाजेपर्यंत खेळत बसतो.

हरलेला गेम बघायची पद्धत पण सांगतो. लगेच कॉम्प्युटरचा ॲनालिसिस लावू नका. आधी स्वतः बघा की कुठे बिघडलं असं मला वाटतं, एक वहीत लिहा, मग कॉम्प्युटरला विचारा. माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत एकच वाक्य सारखं सारखं आहे, "उंट दिसला नाही."

पायरी ९: पहिली स्पर्धा

घरी बसून रेटिंग वाढवण्यापेक्षा एकदा हॉलमध्ये जाऊन बसा. जळगाव, धुळ्याला खुल्या स्पर्धा होत असतात, नंदुरबार, शिरपूर, चाळीसगावकडून लोक सकाळच्या एसटीने डबा घेऊन येतात. आणि आपण काही अगदी बाजूला पडलेलो नाही, मुंबई-हावडा लाइनवर एका बाजूला नाशिक, तिथला ग्रँडमास्टर विदित गुजराथी, दुसऱ्या बाजूला नागपूर, तिथली दिव्या देशमुख, जी जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकून डायरेक्ट ग्रँडमास्टर झाली, आणि मधे आपलं भुसावळ जंक्शन. गाडी कधीतरी इथेपण थांबेल.

स्पर्धा बहुतेक स्विस पद्धतीने असते, हरलात तरी बाहेर जात नाही, सगळे राऊंड खेळायला मिळतात. फिडे, म्हणजे चेसची जागतिक संघटना, तिचं रेटिंग २०२४ च्या मार्चपासून १४०० च्या वरच सुरू होतं, त्यामुळे पहिल्या स्पर्धेत रेटिंग आलं नाही तर तोंड पाडू नका.

नियमात लोक अडकतात ते असे. मोहऱ्याला हात लावला तर तेच हलवायचं, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला आणि मारता येत असेल तर मारायचंच. मोहरं नुसतं सरळ करायचं असेल तर आधी "ॲडजस्ट" म्हणा. कॅसलिंगला आधी राजा उचला, एकाच हाताने, आधी हत्तीला हात लावला तर आर्बिटर, म्हणजे पंच, हत्तीच हलवायला लावेल. ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ दाबा. चुकीची चाल करून घड्याळ दाबलं तर पहिल्यांदा समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्यांदा गेम गेला. मोबाईल आयोजक सांगतील तिथे बंद करून ठेवा, खिशात वाजला तर गेम जातो.

आणि घरी आपण वजीर नसला की हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतो ना, स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. प्यादं शेवटी पोचायला आलं आणि जवळ वजीर नसेल तर घड्याळ थांबवा, आर्बिटरला बोलवा, वजीर मागून घ्या.

हे सगळं काकांना सांगून मी त्यांना स्पर्धेला घेऊन गेलो. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि नवीन मोठ्या माणसाला तीच सगळ्यात जास्त लागते. तिसऱ्या राऊंडला समोर नऊ वर्षांचं पोरगं आलं. पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून बसलेलं, काकांच्या चालीवर चाल, मधेच पाणी प्यायला जाऊन येतंय, आणि तिसाव्या चालीला त्याने घोड्याने फोर्क मारला, राजा आणि हत्ती. दोघंही पांढऱ्या घरात उभे होते. काकांना रंगाची गोष्ट तेव्हाच आठवली, चाल बसल्यावर.

मला वाटलं आता काका रागावून पहिल्या एसटीने घरी जातात. बाहेर आलो तर हॉलच्या पायरीवर त्या पोराने पट लावलेला, काका शेजारी बसलेले, आणि ते दाखवत होतं, "बाबा, तुमना राजा आठे जायला पाहिजे होता, मग घोडा येऊच शकत नव्हता." काकांनी चष्मा पुसला, खिशातून पेन काढलं, स्पर्धेची पावती उलटी केली आणि म्हणाले, "थांब रे भाऊ, परत सांग, लिहून घेतो."